प्राक्छायामीमांसा
(कौटुंबिक समूहछायाचित्राच्या पूर्वसज्जतेचे शास्त्रीय विवेचन)

विषयप्रवेश

छायाचित्रणविद्येवर ग्रंथ विपुल आहेत. भिंगाची वक्रता, छिद्राचा व्यास, प्रकाशाची दिशा आणि रसायनांचे पाक यांची चर्चा गेली पावणेदोनशे वर्षे चालू आहे. परंतु हे सारे वाङ्मय भिंगाच्या मागे उभ्या असलेल्या एका मनुष्याच्या दृष्टीने लिहिलेले आहे. भिंगापुढे जे तेवीस जण उभे असतात ते तेथवर कोणत्या अवस्थांतून पोहोचले, आणि त्यांतील आठ जण मुळात यावयास राजी का नव्हते, याविषयी शास्त्रकारांनी मौन पाळले आहे. ही उणीव दूर करण्यासाठी स्वतंत्र शास्त्राची स्थापना करणे प्रस्तुत लेखकास आवश्यक वाटले. त्या शास्त्रास ‘प्राक्छाया’ अशी संज्ञा योजिली आहे.

व्याख्या अशी : कुटुंबातील एकाहून अधिक व्यक्ती नित्य जशा दिसतात तशा एका विवक्षित क्षणी दिसू नयेत, या हेतूने केलेला सामूहिक व्यापार म्हणजे प्राक्छाया.

नैयायिकांच्या रीतीस अनुसरून ही व्याख्या तिन्ही दोषांवर तपासून घेतली आहे. पाच महिन्यांच्या अर्भकास कोणताही हेतू नसतो, म्हणून येथे अव्याप्ती होते, असा आक्षेप येईल. तो टिकत नाही. अर्भकाचा हेतू त्याच्या आईच्या ठायी असतो आणि तो तेथे मावत नाही इतका असतो. लग्नघरातील तयारीसही हीच व्याख्या लागू पडेल, ही अतिव्याप्ती होय, असे कोणी म्हणेल. परंतु लग्नातील तयारीचे पर्यवसान भोजनात होते. प्राक्छायेत भोजन तयारीपूर्वी उरकावे की नंतर, यावरच मुळी एकवाक्यता नाही. उरला असंभव. संपूर्ण कुटुंब एकाच वेळी तयार झाल्याचे उदाहरण आढळत नाही, हे मान्य आहे. परंतु व्याख्येत व्यापार सांगितला आहे, सिद्धी सांगितलेली नाही.

विवेचनाचा आधार म्हणून गेल्या मार्गशीर्षात सातारा येथे झालेला एक प्रयोग घेतला आहे. प्रस्तुत लेखकाच्या आजोबांचे सहस्रचंद्रदर्शन होते. दोन पौर्णिमांमधील अंतर सुमारे साडेएकोणतीस दिवसांचे धरले असता, हजार पौर्णिमा पाहण्यास मनुष्यास ऐंशी वर्षे आणि दहा महिने लागतात. तेवढा काळ आजोबांनी निर्वेध पार पाडला होता. छायाचित्रकारास सकाळी दहाची वेळ दिली होती. पहिले छायाचित्र दुपारी एक वाजून चाळीस मिनिटांनी निघाले. कॅमेऱ्याचा पडदा सेकंदाच्या एकशे पंचविसाव्या भागापुरता उघडला. साधन दोनशे वीस मिनिटांचे आणि फल एवढेसे. दोहोंचे गुणोत्तर सोळा लक्ष पन्नास हजारास एक असे येते. एवढे प्रतिकूल गुणोत्तर असलेला दुसरा कौटुंबिक व्यवहार प्रस्तुत लेखकास ठाऊक नाही.

संक्षिप्त इतिहास

१९ ऑगस्ट १८३९ रोजी पॅरिस येथे दागेर याची पद्धती जगास खुली झाली. त्या आरंभीच्या काळी चित्र उमटेपर्यंत मनुष्यास काही मिनिटे निश्चल बसावे लागे. मान हलू नये म्हणून पाठीमागून लोखंडी आधार लावून डोके धरून ठेवीत. हे प्राक्छायेचे आद्य उपकरण होय. पुढे रसायने वेगवान झाली आणि आधार गेला. त्याचे कार्य कुटुंबातील आत्येकडे आले. आत्या हनुवटीस दोन बोटे लावून मान इष्ट कोनात आणते व तेथेच सोडून जाते. आधाराच्या तुलनेत आत्या अधिक काळ स्मरणात राहते.

मुंबईत १८५४ मध्ये छायाचित्रण करणाऱ्यांची संस्था निघाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारखे विद्वान तिच्यात होते. पुढल्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. कॅमेरा हाताळण्याचे शिक्षण एतद्देशीयांस अशा प्रकारे लवकर मिळाले. दोन जावांपैकी कोणास खुर्ची द्यावी आणि कोणास उभे करावे, याचे शिक्षण मात्र त्यांस अनुभवातूनच घ्यावे लागले.

त्यानंतरचा कालखंड स्टुडिओयुग होय. या युगात पाठीमागे रंगविलेला पडदा असे. त्यावर राजवाड्याचा जिना, तलावातील नाव अथवा चंद्र. आरशास सुतळीने बांधलेला कंगवा असे, कारण मोकळा कंगवा एका कुटुंबाबरोबर निघून जाई. पावडरचा डबा असे. खुंटीवर एक कोटही असे. त्या कोटास माप नव्हते. तो स्थूलास पुढून उघडा ठेवून आणि कृशास मागून टाचण्या लावून बसवीत. या कोटाकडे आपणांस शेवटी परत यावयाचे आहे.

फोटो काढल्याने आयुष्य घटते, ही समजूत त्या काळी दृढ होती; ती आता मागे पडली. तिघांचा फोटो काढू नये, हा त्रिकनिषेध मात्र आमच्या घरी अद्याप पाळला जातो. आमचे वडील आणि दोन्ही काका यांचा एकत्र फोटो काढताना आजी मध्ये एक पितळी फुलदाणी धरावयास लावते. त्यामुळे ती फुलदाणी आमच्या अल्बममध्ये एकंदर सात ठिकाणी आहे आणि तिचे वय वाढत नाही.

तदनंतर घरगुती कॅमेऱ्याचे युग आले. आमच्या घरी अॅग्फा क्लिक थ्री हा कॅमेरा होता. त्यात घातलेल्या एका रोलवर बारा छायाचित्रे निघत. बारा म्हणजे बारा, आणि रोल धुऊन येईतो पंधरवडा. त्यामुळे पूर्वसज्जता कठोर असे. आता भ्रमणध्वनीत अमर्याद छायाचित्रे निघतात, तेव्हा सज्जता शिथिल व्हावयास हवी होती, असे कोणासही वाटेल. ती दुणावली आहे. छायाचित्र जितके स्वस्त, तितकी त्याची तयारी महाग, हा या शास्त्राचा पहिला नियम.

अधिकारिभेद

सज्ज करावयाच्या व्यक्तींचे वर्गीकरण आयुर्वेदातील साध्यासाध्यविचारावरून घेतले आहे, कारण त्याहून नेमके वर्गीकरण उपलब्ध नाही.

सुखसाध्य म्हणजे नव्याने घरात आलेल्या सुना. त्यांस एकदा सांगितले की पुरते, आणि बरेचदा त्याआधीच त्या तयार असतात. कृच्छ्रसाध्य म्हणजे तेरा ते एकोणीस वयाची मुले. त्यांच्या केसांविषयी बोलू नये, असा पथ्याचा नियम आहे. बोलल्यास ती याहून खालच्या वर्गात जातात.

याप्य हा वर्ग मननीय आहे. जो व्याधी उपचार चालू असेपर्यंत आटोक्यात राहतो आणि उपचार थांबताच उफाळतो, त्यास वैद्य याप्य म्हणतात. तीन वर्षांखालील बालके याप्य होत. प्रस्तुत प्रयोगात एका बालकास कंदी पेढ्याने आटोक्यात ठेवले होते. पेढा दिला की ते उभे राही, संपला की पळे. पेढा तोंडात असताना छायाचित्र घेता येत नव्हते आणि नसताना बालक हाती लागत नव्हते. शिवाय प्रत्येक पेढ्यागणिक त्याचा मूळचा पांढरा सदरा खव्याच्या रंगाकडे झुकत गेला. या विरोधाचा परिहार अद्याप झालेला नाही. एकूण नऊ पेढे खर्ची पडले.

असाध्य म्हणजे मोठे काका. “मी असाच बरा आहे,” या एका वाक्याने त्यांचे निदान होते. वैद्यकात असाध्य रोग्यास हात लावू नये असे म्हटले आहे. मोठ्या काकूंनी गेली एकोणचाळीस वर्षे हा नियम मोडलेला आहे.

या चारही वर्गांबाहेर एक व्यक्ती राहते. आजोबा पहाटे सहा वाजता आंघोळ, धोतर, सदरा, जाकीट आणि टोपी यांनिशी तयार होऊन अंगणातील खुर्चीवर येऊन बसले होते. त्यांच्यावर कोणतीही क्रिया करावी लागली नाही. त्यांस नित्यसिद्ध असे म्हणावे. नित्यसिद्ध पुरुषाकडे प्राक्छायेत कोणाचेही लक्ष जात नाही. साडेनऊ वाजता त्यांस चहा देण्याचे राहिले आहे, हे अकरा वाजता ध्यानात आले.

वस्त्रविचार

प्राक्छायेचा गाभा वस्त्रविचारात आहे आणि सर्व संप्रदायभेद येथूनच निघतात.

एकवर्णवाद्यांचे मत असे की, सर्व कुटुंबाने एकाच वर्णाची वस्त्रे धारण करावीत, जेणेकरून छायाचित्रात कुटुंब एकसंध दिसेल. या संप्रदायाच्या प्रवर्तक धाकट्या काकू होत. त्यांनी एकवीस दिवस आधी कुटुंबाच्या व्हॉट्सॲप समूहावर एक सूत्र प्रसिद्ध केले. ते असे : “सगळ्यांनी पेस्टल.” सूत्र अल्पाक्षर असावे हा नियम येथे पाळला गेला, ते असंदिग्ध असावे हा मात्र पाळला गेला नाही. त्यावर तत्काळ भाष्ये सुरू झाली. नाशिककरांनी पेस्टल म्हणजे फिकट असा अर्थ केला आणि सर्वांनी पांढरे घातले. पुणेकरांनी पेस्टल म्हणजे अबोली असा अर्थ केला, कारण तसे कपडे त्यांच्यापाशी होते. मोठ्या काकांनी सूत्र वाचले नव्हते. ते त्यांचा नेहमीचा बुशशर्ट घालून आले. हा बुशशर्ट मूळचा निळा. परंतु अनेक वर्षे धुतला गेल्यामुळे त्याचा रंग आता जेथे येऊन थांबला आहे, त्यास कापडाच्या दुकानात पेस्टल असेच म्हणतात. सूत्राचे तंतोतंत पालन करणारी सबंध कुटुंबात एवढी एकच व्यक्ती निघाली. तिलाच घरात जाऊन शर्ट बदलून येण्यास सांगण्यात आले.

दुसरा संप्रदाय पैठणीप्रामाण्यवाद्यांचा. आत्या या मताच्या. त्यांच्या मते जसा वेदास अन्य प्रमाणाचा आधार लागत नाही, तसाच पैठणीस प्रसंगाचा, ऋतूचा वा व्हॉट्सॲपवरील निर्णयाचा आधार लागत नाही. आत्या मोरपंखी पैठणी, लाल काठ आणि नथ यांसह आल्या. धाकट्या काकूंनी वादास तोंड फोडले नाही. समोर पैठणी असता वाद संभवत नाही, हे एकवर्णवाद्यांसही मान्य आहे.

तिसरा नियम संप्रदायातीत आहे. जावयास वर्ण नसतो. त्याने काय घालावे हे त्यास कळविण्याचे धैर्य सासरच्या मंडळींत कोणापाशीही नसते. म्हणून तो जे घालील ते योग्य. आत्येचे यजमान मरून रंगाच्या टी-शर्टात आले. “छान दिसतोय,” असे सर्वांनी वेगवेगळ्या वेळी स्वतंत्रपणे सांगितले.

वस्त्रविचारात दोन तर्कदोष वारंवार आढळतात. पहिला अन्योन्याश्रय. मोठ्या काकू कोणती साडी नेसतात हे पाहून धाकट्या काकू आपली साडी काढणार होत्या. आणि धाकट्या काकू काय नेसतात हे पाहिल्याशिवाय मोठ्या काकू कपाट उघडणार नव्हत्या. या अवस्थेत दोघी गाऊनवर पन्नास मिनिटे स्वयंपाकघरात काकडी चोचवीत उभ्या होत्या. या दोषाचा परिहार तर्काने होत नाही. आत्येची पैठणी दारातून आत आली तेव्हाच तो झाला, कारण मग दोघींचे शत्रुत्व एकत्र झाले.

दुसरा दोष अनवस्था. पदर खांद्यावर राहावा म्हणून त्यास पिन लावली जाते. ती लावताच निऱ्या ओढल्या जातात; निऱ्यांस पिन लावावी लागते. त्यामुळे कमरेशी चुणी पडते, तेथे पिन. यास अंत नाही. अंत असतो तो पिनांना. प्रयोगस्थळी एकंदर अकरा सेफ्टी पिना होत्या. त्या संपल्यावर बारावी पिन आजोबांच्या कासोट्यातून काढण्यात आली. ती त्यांनी सावधगिरी म्हणून लावलेली होती. पिन देताना त्यांनी विचारले, “परत मिळेल ना?” मिळेल, असे सांगण्यात आले.

केशरचना, पादत्राणे आणि गजरा यांविषयी स्वतंत्र लिहिण्याजोगे काही नाही. पादत्राणे छायाचित्रात येत नाहीत, तरी ती बदलली जातात.

अभावविचार

कोण उपस्थित आहे याची मोजणी सोपी आहे. अवघड आहे ते अनुपस्थितीचे. आमच्या परंपरेत अभावाचे चार प्रकार सांगितले आहेत, आणि ते जणू समूहछायाचित्रासाठीच सांगितले असावेत, इतके येथे चपखल बसतात.

प्रागभाव : यास आरंभ नसतो, पण अंत असतो. धाकटे काका ठाण्याहून स्वतंत्र गाडीने यावयाचे होते. ते कधीपासून आलेले नव्हते, हे सांगता येत नाही. नऊ वाजता ते खंबाटकी घाटात होते. दहा वाजता ते खंबाटकी घाटात होते. पावणेबारा वाजता ते आले आणि त्यांचा अभाव संपला.

प्रध्वंसाभाव : यास आरंभ असतो, पण अंत नसतो. आत्येचा थोरला मुलगा पावणेबारापर्यंत सर्वांसमक्ष उपस्थित होता. “दोन मिनिटांत येतो,” असे सांगून तो गल्लीतील क्रिकेटकडे गेला. घट फुटल्यावर तोच घट पुनश्च होत नाही, असे शास्त्र आहे. एक वाजता जो मुलगा परत आला, त्याच्या गुडघ्यावर माती आणि सदऱ्यावर हिरवा डाग होता; हा तोच मुलगा नव्हे, असे आत्यांनीही म्हटले.

अन्योन्याभाव : एक वस्तू दुसरी नसणे. हा छायाचित्र पाहताना प्रकट होतो. “ही मी नव्हेच,” असे मोठ्या काकू छायाचित्रकाराच्या कॅमेऱ्याच्या पडद्याकडे पाहून म्हणाल्या.

राहिला अत्यंताभाव. भूत, वर्तमान व भविष्य या तिन्ही काळी एखाद्या ठिकाणी एखादी वस्तू नसणे. कुटुंबात ज्याच्यापाशी कॅमेरा असतो, त्याचा अल्बममध्ये अत्यंताभाव असतो. आमच्या घरचा अॅग्फा आजोबांचा होता. १९७१ ते १९९० या काळातील आमचे चार अल्बम आहेत. महाबळेश्वर, ज्योतिबा, दोन मुंजी, आत्येचे लग्न, प्रस्तुत लेखकाच्या वडिलांचा तिसऱ्या इयत्तेतील वेषभूषेचा कार्यक्रम, हे सर्व त्यांत आहे. आजोबा त्यांत कोठेही नाहीत. केवळ अल्बम हे प्रमाण मानल्यास आजीने तिन्ही मुले आणि एक मुलगी एकटीनेच वाढविली, असा निष्कर्ष निघेल. परंतु अनुमानास जागा आहे. ऊन पाठीमागे घेऊन फोटो काढावा, हा तेव्हाचा नियम आजोबा कसोशीने पाळीत. त्यामुळे अकरा छायाचित्रांत सर्वांच्या पायांशी एक लांबट सावली पडलेली आहे, दोन्ही कोपरे बाहेर काढलेली. जसा धुरावरून अग्नी, तसे या सावलीवरून आजोबा सिद्ध होतात. एका छायाचित्रात सावलीच्या डोक्यावर टोपीही आहे.

या चार प्रकारांत न बसणारी एक अवस्था अलीकडे उद्भवली आहे. न्यू जर्सीस असलेला चुलतभाऊ टॅब्लेटवर उपस्थित होता. तेथे पहाटेचे तीन वाजून दहा मिनिटे झाली होती. तो आहे असेही म्हणता येत नव्हते आणि नाही असेही. वेदान्त्यांनी अशा पदार्थास अनिर्वचनीय म्हटले आहे. त्याने कमरेच्या वर रेशमी कुडता घातला होता. कमरेखालच्या वस्त्राविषयी प्रमाण उपलब्ध नाही.

स्थानविचार

आसनव्यवस्थेत तीन पंक्ती असतात : बसलेल्यांची, उभ्यांची आणि जमिनीवर मांडी घातलेल्यांची. उंचांनी मागे आणि ठेंगण्यांनी पुढे, हा छायाचित्रकाराचा नियम. मानाने मोठ्यांनी पुढे आणि लहानांनी मागे, हा कुटुंबाचा नियम. आमचे मोठे काका कुटुंबात मानानेही मोठे आहेत आणि सहा फूट एक इंचही आहेत. त्यांस शेवटी मध्यभागी गुडघे वाकवून उभे करण्यात आले. हे आसन हठयोगात सांगितलेले नाही.

आजोबा मधल्या खुर्चीवर बसले. ज्येष्ठांनी बसावे ही परंपरा होय, असे पाहुण्यांस वाटले. खरे कारण बाराव्या पिनेच्या संदर्भात वर येऊन गेले आहे. तिच्यावाचून त्यांस उठता येत नव्हते.

कडेच्या स्थानाचे महत्त्व सामान्य वाचकास ठाऊक नसते. ज्याचे कुटुंबातील स्थान अद्याप निश्चित झालेले नाही, त्यास कडेस उभे करावे, म्हणजे पुढेमागे गरज पडल्यास त्यास कात्रीने वेगळे करता येते, आणि चित्राची चौकट बिघडत नाही. या तत्त्वास कर्तनसुलभता म्हणतात. आमच्या चुलतबहिणीचा साखरपुडा झालेला आहे, लग्न वैशाखात आहे. होणारे जावई उजव्या कडेस उभे होते. ते स्वतः आपणहून तेथे गेले. समंजस मुलगा आहे, असे आजीचे मत पडले.

स्मित आणि निमेष

छायाचित्रात हसावे, हा विचार आधुनिक आहे. जोवर मिनिटभर निश्चल बसणे भाग होते, तोवर हास्य संभवत नव्हते. मिनिटभर टिकणारे हास्य राजदरबारातही दुर्मीळ. आमच्याकडे तीन प्रकार आढळले. ओष्ठबद्ध हास्य, ज्यात दात दिसत नाहीत आणि पुष्कळदा हास्यही दिसत नाही. दंतव्यक्त हास्य, जे केवळ पंचविशीखालील व्यक्तींस व नुकतीच कवळी बसविलेल्यांस जमते. आणि विलंबित हास्य, जे ‘क्लिक’ झाल्यानंतर “झालं का?” असे विचारताना चेहऱ्यावर उमटते. यांपैकी तिसरे सर्वांत सुंदर असून ते कोणत्याही छायाचित्रात नाही.

हास्य निष्पन्न करण्यासाठी छायाचित्रकार ‘चीज’ असा शब्द उच्चारावयास सांगतात. त्यातील दीर्घ ईकाराने ओठ कानांकडे ताणले जातात. छायाचित्रकाराने मोठ्याने “सगळ्यांनी चीज म्हणा,” असे सांगितले. आजोबांनी विचारले, “कोणत्या रागातली?” यावर जो विलंब झाला, त्यात दोन बालके पंक्ती सोडून गेली.

निमेषाचा प्रश्न गणिती आहे. ऑस्ट्रेलियातील निक स्वेन्सन आणि पिअर्स बार्न्स यांनी तो सोडविला असून त्यांस त्यासाठी २००६ चा गणिताचा इग नोबेल पुरस्कार मिळाला. एकही डोळा मिटलेला नाही असे चित्र हवे असल्यास, उजेड चांगला असता माणसांच्या संख्येस तीनाने भागावे, मंद असता दोनाने भागावे. तितकी छायाचित्रे घ्यावीत. मात्र हा ठोकताळा विसांहून कमी माणसांनाच लागू आहे. आम्ही तेवीस होतो. कुटुंबाचे दोन भाग केल्यास दोन्ही भागांस सिद्धान्त लागू होईल, अशी सूचना प्रस्तुत लेखकाने निव्वळ गणिती दृष्टीने केली. २०१२ मध्ये शेताच्या वाटणीचा विषय निघाला होता, त्यानंतर अशी भाषा या अंगणात कोणी केली नव्हती, असे मोठ्या काकांनी वाकलेल्या गुडघ्यांवरून निदर्शनास आणून दिले. सूचना मागे घेण्यात आली.

छायाचित्रकाराने चौदा छायाचित्रे घेतली. चौदाही छायाचित्रांत आजोबांचे डोळे मिटलेले निघाले. हजार पौर्णिमा उघड्या डोळ्यांनी पाहिलेल्या पुरुषाने एका फ्लॅशपुढे डोळे मिटावेत, याची उपपत्ती शरीरशास्त्रात असेल. प्राक्छायेत ती नाही.

“एक सेफ्टीसाठी घेतो,” असे म्हणून छायाचित्रकाराने पंधरावे घेतले. त्याच क्षणी आजोबा खुर्चीतून अर्धे उठले आणि हात वर करून त्यास म्हणाले, “अहो, ऊन पाठीमागं घ्या.” त्या चित्रात त्यांचे डोळे पूर्ण उघडे आहेत, तोंडही उघडे आहे, आणि एक हात धोतराच्या कासोट्याकडे गेलेला आहे. इतरांपैकी नऊ जण त्यांच्याकडे पाहत आहेत. मोठ्या काकू मात्र समोर पाहत असून त्यांच्या मते त्या त्यात बऱ्या आल्या आहेत. पुढील निवडीचा वाद हा उत्तरछायाशास्त्राचा विषय असल्याने त्यात येथे शिरत नाही. पंधरावे छायाचित्र मोठे करून चौकटीत बसविण्यात आले. बारावी पिन परत मिळालेली नाही.

एक अनिर्णित प्रश्न

नवी चौकट लावण्यासाठी माजघरातील खिळ्यावरची जुनी उतरवावी लागली. ते छायाचित्र १९६१ मधील, साताऱ्यातील एका स्टुडिओत काढलेले. मागे राजवाड्याचा जिना. मध्ये पणजोबा बसलेले. आजोबा त्यात सतरा वर्षांचे, डावीकडून दुसरे. पुढील तीस वर्षांत त्यांचे हे एकच छायाचित्र. पाठीवर पेन्सिलीने नावे लिहिलेली आहेत. नावे सोळा आहेत. माणसे सतरा आहेत.

सतरावा मनुष्य पणजोबांच्या खुर्चीच्या बरोबर मागे उभा आहे. वय तिशीचे, मिशा बारीक, केस मधोमध भांग पाडलेले. तो कुटुंबातील कोणाशीही चेहऱ्याने जुळत नाही. त्याचे स्थान मध्यभागी असल्याने तो कर्तनसुलभ नव्हता. त्यावरून तो निश्चित स्थानाचा मनुष्य असला पाहिजे. आजोबांस विचारले असता त्यांनी भिंग लावून पुष्कळ वेळ पाहिले आणि सांगितले की, त्या दिवशी तयार होऊन बाहेर पडायला इतका उशीर झाला होता की, कोण कोण होते हे कोणी मोजलेच नाही. आधीच्या फोटोसाठी आलेला एखादा गृहस्थ तसाच उभा राहिला असेल, किंवा जागा भरावी म्हणून स्टुडिओवाल्याने आपला मनुष्य उभा केला असेल. त्याच्या अंगातील कोट मात्र स्टुडिओचा आहे, याविषयी त्यांस शंका नाही, कारण तोच कोट आपण आधी घालून पाहिला होता आणि त्याचे खालून दुसरे बटण तुटलेले होते, असे ते सांगतात. छायाचित्रातील कोटासही खालून दुसरे बटण नाही.

ज्या वाचकांच्या घरी १९६१ च्या सुमारास साताऱ्यात काढलेले समूहछायाचित्र असेल, आणि ज्यात राजवाड्याच्या जिन्यापुढे खालून दुसरे बटण नसलेला काळा कोट कोणाच्या अंगावर असेल, त्यांनी पाठीवरील नावे आणि पुढील माणसे कृपया मोजून पाहावीत. एक मनुष्य कमी भरत असल्यास तो आमच्याकडे आहे.